परतीची शिदोरी

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी सौंसरहून माझी धाकटी बहीण पांढुर्ण्यास आली. सणाला ती दरवर्षीच येते, परंतु या खेपेस पायांवर पाणीही न घेता ती ओसरीवर टेकली आणि म्हणाली, "दादा, पोरगी आफ्रिकेत पहाड चढायला निघाली. बापाचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. आता तूच समजाव तिला."

मागोमाग भाची आली. नागपूरच्या एका शाळेत ती शिकविते. तीन वर्षांच्या पगारातून तिने पैसा साठविला आहे. चार घड्या घातलेला एक कागद तिने माझ्यापुढे उलगडला. वर लिहिले होते : किलिमांजारो, टांझानिया, उंची ५,८९५ मीटर. खाली पाच दिवसांचे पाच रकाने, खर्चाचे आकडे, आणि चौथ्या रकान्यात लाल शाईने एकच शब्द : 'शिखर'.

"मामा, पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. सुटीत बसतं, पैशांतही बसतं. आणि तामियाच्या भावना डेहरियांनी केलंच की!"

तिचे म्हणणे खरे होते. तामिया आपल्या शेजारचे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून निराळा जिल्हा होईपर्यंत आपण आणि तामिया एकाच छिंदवाडा जिल्ह्यात होतो. त्या तामियाच्या कन्येने २२ मे २०१९ रोजी एव्हरेस्ट गाठले आणि त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास किलिमांजारो. परंतु भाचीच्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. एव्हरेस्ट आधी आणि किलिमांजारो नंतर, असा तो क्रम होता. वृत्तपत्रातील छायाचित्रात शिखर दिसते, त्यामागची वर्षे दिसत नाहीत.

बहिणीची शंका निराळीच होती. "ज्वालामुखी आहे म्हणे तो. फुटला म्हणजे?"

तिला मी म्हटले, "बाई, तू बसली आहेस तो ओसरीचा दगड तरी कशाचा आहे?" आपल्या पायांखालची ही काळी भूमी लाव्ह्याचीच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो थरांवर थर वाहिला आणि निवला. छिंदवाड्याजवळच्या लिंगा येथील थरांचे वर्णन फर्मर आणि फॉक्स या भूशास्त्रज्ञांनी १९१६ साली प्रसिद्ध केले. मोहगाव कलां येथे अशाच दोन थरांच्या मध्ये गोठलेल्या वनस्पतींचे दगड झालेले अवशेष सापडले आणि बिरबल साहनींसारख्या पंडिताने त्यांचा अभ्यास केला. ज्या काळ्या मातीवर आपला संत्रा पोसतो, ती त्याच अग्नीची राख-माती होय. किलिमांजारोची तीन मुखे आहेत. शिरा आणि मावेन्झी कायमची विझलेली. तिसरे किबो, ज्याच्या कडेवर शिखर आहे, ते निद्रिस्त. तेथून अद्याप वायू निघतात, परंतु माणसाला ठाऊक असलेल्या इतिहासात त्याचा उद्रेक झालेला नाही. तात्पर्य, त्या पहाडावर भय आगीचे नव्हे. भय हवेचे आहे.

शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे निम्मा असतो. प्राणवायूचे हवेतील प्रमाण तेवढेच राहते. पण हवाच विरळ, म्हणून एका श्वासात मिळणारा प्राणवायू निम्म्यावर येतो. शरीर याच्याशी जुळवून घेऊ शकते. श्वास वाढतो, मूत्रपिंडे रक्ताचा समतोल बदलतात, पुढे तांबड्या पेशीही वाढतात. मात्र हे सारे घडण्यास दिवस लागतात, आणि ते दिवस पैलवानालाही चुकत नाहीत. रोज दहा मैल धावणारा तरुण आणि माझ्यासारखा सत्तरीतला मास्तर, दोघांचीही मूत्रपिंडे आपापल्या गतीनेच काम करतात. तरुणाला धोका काकणभर अधिकच; कारण पाय त्याला भराभर वर नेतात.

मी भाचीचा कागद हाती घेतला आणि आम्ही दोघांनी हिशेब मांडला. तिने निवडलेली वाट मारंगूची. पहिली रात्र मंदारा येथे, सुमारे २,७०० मीटरवर. दुसरी होरोम्बो येथे, सुमारे ३,७००. तिसरी किबोच्या कुटीत, सुमारे ४,७००. त्याच मध्यरात्री उठून शिखराकडे. म्हणजे निजण्याची जागा दर रात्री हजार मीटरने वर. वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण दंडक असा की, ३,००० मीटरच्या वर निजण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा फार वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. भाचीचा बेत नेमका दुप्पट घाईचा होता, आणि विसाव्याचा रकाना त्यात नव्हताच.

"पण मामा, किती तरी लोक पाच दिवसांत जातात."

"जातात. आणि त्यांतले किती तरी वाटेतून परततात. बागायतदाराची मुलगी ना तू? आंब्या बहारासाठी बागेला ताण कसा देतात, ते सांग बरे."

ती हसली. वाचकांपैकी ज्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे त्यांना हे सांगावयास नको. हिवाळ्यात बागेचे पाणी तोडतात. झाड पाने पिवळी करते, थोडी गाळते, आणि मग पाणी दिले की फुलांनी लखडते. ताण दिल्यावाचून बहार नाही. परंतु भारी जमिनीला किती दिवस, हलक्या जमिनीला किती, हे पाहून ताण द्यावा लागतो. मापाबाहेर गेला की बहार राहतो बाजूला आणि झाडच वाळते. शेजाऱ्याच्या झाडाने सोसले म्हणून आपले सोसेल, असा हिशेब कोणताही शहाणा बागायतदार करीत नाही. विरळ हवा हाही शरीराला दिलेला ताणच. तो मापाने द्यावा, मध्ये विसावा द्यावा, आणि पान कोमेजताच ओळखावे.

हे शेवटचे वाक्य म्हणताना मला माझीच एक गोष्ट आठवली. बहिणीलाही ती पूर्वी सांगितली नव्हती. ती त्या रात्री सांगितली. निवृत्तीनंतर चार मित्रांसह मी लडाखला गेलो होतो. दिल्लीहून विमानाने थेट लेह, म्हणजे तासा-दीड तासात साडेतीन हजार मीटर. दुसऱ्याच सकाळी मोटारीने पाच हजार मीटरहून उंच खिंडीकडे निघालो. वाटेत माझे डोके ठणकू लागले, अन्नावरची वासना उडाली. पण 'मास्तर थकले' असे कोणी म्हणू नये म्हणून मी मुकाट राहिलो. खिंडीत उतरलो तेव्हा माझे पाऊल दारुड्यासारखे पडू लागले. आमचा लडाखी चालक माझ्याकडे एकदाच पाहून काही न विचारता मला मोटारीत बसवून खाली घेऊन आला. सायंकाळपर्यंत मी ठीक झालो. त्या दिवशी मी वाचलो तो माझ्या शहाणपणाने नव्हे.

डोकेदुखी, मळमळ, झोप उडणे, ही पहिली सूचना. तेथेच थांबावे, वर जाऊ नये. चालताना तोल जाणे, भ्रम होणे, बसल्या जागी धाप लागणे, फेसाळ खोकला येणे, ही मेंदूत वा फुप्फुसांत पाणी साचल्याची खूण. मग रात्र असो वा बर्फ पडत असो, तत्क्षणी खाली उतरावे. डायमॉक्स नावाची गोळी शरीराला जुळवून घेण्यास साह्य करते, परंतु ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आणि ती दिवसांची जागा घेत नाही.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्याची गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मध्ये त्या झेंड्यासाठी दगडांचा वर्षाव. दरवर्षी माणसे रक्तबंबाळ होतात; कित्येक वर्षी जीवही गेले आहेत. आम्ही गच्चीवर बसलो होतो आणि नदीकडून ढोलांचा व आरोळ्यांचा आवाज येत होता. भाची बराच वेळ गप्प होती. मग आपणहून म्हणाली, "मामा, त्या झेंड्यापाशी पोचल्यावर माणसाला मागे फिरणं जमत नाही, नाही का?"

मी म्हटले, "ज्याला जमले, तोच पुढे शिखरावर पोचला. तुझ्या पहाडाची पहिली कथा ऐक."

हान्स मायर या जर्मन प्रवाशाने १८८७ साली किलिमांजारोवर पहिला यत्न केला. बर्फाच्या भिंतीपाशी तो अडला, कारण बर्फावर चढण्याचे साहित्यच जवळ नव्हते. १८८८ साली तर किनाऱ्यावरील बंडाळीत तो कैद झाला आणि खंडणी देऊन सुटला. १८८९ साली तो तिसऱ्यांदा आला तो सारा बेत बदलून. सोबत लुडविग पुर्ट्शेलर हा कसलेला गिर्यारोहक होता. वाटेवर टप्प्याटप्प्याने तळ मांडले, त्यांत अन्न पोचत राहील अशी व्यवस्था केली. म्हणजे एक चढाई फसली तरी पायथ्यापर्यंत परतावे लागू नये. ३ ऑक्टोबरला दोघे ज्वालामुखीच्या कडेवर पोचले आणि त्यांना दिसले की सर्वोच्च टोक अजून पुढेच आहे. बर्फात पायऱ्या खोदून शक्ती संपली होती, दिवस कलत होता. ते परतले. विसावा घेतला. ६ ऑक्टोबर १८८९ रोजी ते शिखरावर उभे राहिले. त्यांचा बेत परतण्यासही जागा ठेवणारा होता, म्हणून तो सिद्धीस गेला.

यानंतर कागद नव्याने लिहिला गेला. पाच दिवसांच्या ठिकाणी आठ दिवस. वाट लेमोशोची, पश्चिमेकडून शिरा पठारावरून जाणारी. तीत दिवसा सुमारे ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढून रात्री सुमारे ४,००० मीटरवर खाली निजावयास येतात. दिवसा उंच चढावे, रात्री खाली निजावे, हा गिर्यारोहकांचा जुना नेम. खर्च वाढला, म्हणून वर्ष पुढे ढकलले. या वर्षी हिमालयात चार हजार मीटरपर्यंतची एक पदयात्रा, म्हणजे आपले शरीर उंचीवर कसे वागते ते आपल्याच देशात कळेल. त्याआधी पाठीवर ओझे घेऊन चौरागडच्या पायऱ्या. आमच्या आजोबांच्या पिढीने 'महादेवाला जाणे' म्हणत त्याच डोंगरांत पाय कमावले होते. बूट आत्ताच घ्यावयाचे आणि वर्षभर घालून मऊ करावयाचे. ६,००० मीटरपर्यंतच्या सुटकेचा खर्च देणारा विमा. पीतज्वराची लस लागते की नाही हे विमान कोणत्या देशात बदलायचे यावरही ठरते. लागत असल्यास प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, कारण प्रमाणपत्र तेव्हाच ग्राह्य होते.

एक रकाना माझ्या सांगण्यावरून वाढला. त्या पहाडावर वाटाड्या सक्तीचा आहे, आणि ओझी वाहणारे स्थानिक हमाल असतात. एका हमालाने २० किलोपेक्षा अधिक वाहू नये, असा दंडक आहे. जी मंडळी फार स्वस्तात नेतात, त्यांची बचत बहुधा या हमालाच्या मजुरीतून आणि पांघरुणातून निघते. आपल्या घरची मुलगी दुसऱ्याच्या मुलाच्या पाठीवरून स्वस्तात वर जाऊ नये, एवढे तरी आपण पाहावे. ते वाटाडे पावलोपावली 'पोले पोले' म्हणतात. त्यांच्या स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ 'हळूहळू'. शिखराचे नाव 'उहुरू', म्हणजे स्वातंत्र्य. देश स्वतंत्र झाला तेव्हा, डिसेंबर १९६१ मध्ये, तेथे मशाल पेटविण्यात आली होती.

शेवटी भाचीकडून मी एकच वचन घेतले : डोके दुखले तर त्याच घटकेला वाटाड्यास सांगेन, लपविणार नाही. तिने ते कागदावर लिहिले. 'शिखर' हा लाल शाईतला शब्द आता सातव्या रकान्यात गेला आहे. आठव्यात 'पायथा' आणि त्याखाली 'सौंसर' असे तिने स्वतःच लिहिले.

बहीण हे सारे ऐकत होती. निघताना ती म्हणाली, "वर्षभर तर वर्षभर. मी जामसावळीच्या मारुतीला नवस बोलले आहे."

"शिखर गाठण्याचा की बेत मोडण्याचा?" भाचीने विचारले.

"ते मारुतीला माहीत," बहीण म्हणाली, आणि पोळ्याच्या उरलेल्या पुरणपोळ्या तिने मुलीच्या पिशवीत भरल्या.