वर्षाच्या बोलीची जमीन



श्रावण-भादव्यात आपल्याकडे खुरपणीची घाई असते, तेव्हा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात भाजीच्या तोड्याची घाई चाललेली असते. तिथला उन्हाळा थोडक्याचा. मेच्या मध्याला लागण करायची, आणि सप्टेंबर सरता-सरता एखाद्या रात्री दव गोठलं की सकाळी वेल करपलेले. त्यामुळे ऑगस्ट निघाला की घरातलं म्हातारं माणूसही पाटी घेऊन रानात.

सेंट पॉल शहराच्या दक्षिणेला १५५ एकरांचं असं एक शेत आहे. तिथला माल पाहिलात तर आपलाच आठवडे बाजार वाटेल. कारली, तिखट मिरच्या, चवळीच्या हातभर शेंगा, कोथिंबिरीच्या जुड्या, गवती चहा! पिकवणारे आहेत मोंग लोक, लाओसच्या डोंगरातले शेतकरी. व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्यांच्यातले पुष्कळजण अमेरिकेच्या बाजूने लढले. १९७५ साली लाओसमध्ये सत्ता पालटली, तशी हजारो कुटुंबं जीव मुठीत धरून मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आली, आणि तिथून अमेरिकेत.

हातात कसब होतं ते शेतीचं. पण जमीन? ती खंडाची, बहुधा वर्षाच्या बोलीवर. आता तुम्हीच सांगा, वर्षाच्या बोलीच्या वावरात गाडीभर शेणखत कोण टाकील? यंदा रान कसदार करावं आणि पुढल्या साली मालकाने ते दुसऱ्याला द्यावं! पाण्याची सोय करायची नाही, फळझाड लावायचं नाही. आपल्याकडे बटाईने करणाऱ्याला हे दुखणं समजावून सांगायला नको.

२०११ साली या शेतकऱ्यांनी आपली संघटना काढली. पुढे तिने हे शेत लांब मुदतीच्या खंडाने घेतलं आणि २०२२ मध्ये विकतच घेतलं. राज्य सरकारनेही पैशाची मदत केली. सहकार म्हटला की आपल्याला आधी निवडणूक आठवते, तो भाग सोडा. इथे कसणं ज्याचं त्याचं आहे. कुणाकडे पाच एकर, कुणाकडे दहा. विक्री मात्र काही प्रमाणात एकत्र होते. शाळांना माल जातो, आणि आगाऊ पैसे भरलेल्या घरांना हंगामभर भाजीच्या पेट्या जातात. बाकीचा माल घेऊन बाया-पुरुष स्वतः सेंट पॉलच्या बाजारात बसतात. आणि तोडा संपला की रान उघडं न टाकता हिरवळीचं पीक पेरण्यावर तिथे भर आहे. खंडाच्या रानात हे कुणी केलं असतं?

आयाबायांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट राहिली. या लोकांची काकडी आपल्या तवशासारखी जाडजूड. ती उभी चिरून बिया काढतात, गर चमच्याने खरवडतात, त्यात साखर आणि बर्फाचं पाणी घालतात, आणि तोड्यावरून दमून आलेल्याच्या हातात वाटी देतात. वेलावर एखादं तवसं नजरेआड राहून मोठं झालं असेल तर करून पाहा. बर्फ नसला तर माठातलं पाणी चालेल.