दोष एकट्या महागाईचा नाही

संपादक महोदय,

गोसीखुर्द धरणाचा खर्च महागाईने फुगला, हा आपल्या लेखकाचा निष्कर्ष निम्मासुद्धा खरा नाही. १९८३ मधला ३७२ कोटींचा अंदाज २०१६ मध्ये १८,४९४ कोटींवर गेला, म्हणजे जवळपास पन्नास पट. सिमेंट, लोखंड, मजुरी यांतले काय या काळात पन्नास पटींनी महागले?

सुधारित प्रशासकीय मान्यतेचा, आमच्या बोलीत ‘सुप्रमा’चा, प्रस्ताव उघडून पाहावा. त्यात दरवाढ हा एक रकाना असतो. शेजारी भूसंपादन, संकल्पचित्रातील बदल आणि ‘अपुरी तरतूद’ हेही असतात. अपुरी तरतूद म्हणजे मुळात धरायचा खर्च धरलाच नव्हता. कालव्याच्या आखणीवर चाचणी खड्डे लांब लांब घेतले, की कागदावर मुरूम दिसतो आणि खोदताना कठीण खडक लागतो. दोन्हींचे दर वेगळे, लागणारे दिवसही वेगळे. पुनर्वसनाचा अंदाज तर बहुधा टेबलावरच होतो. आकडा लहान ठेवला की मंजुरी लवकर मिळते, हे खात्यात कोणाला ठाऊक नाही?

‘वेळेवर सुरुवात झाली’ हेही चूक. भूमिपूजन १९८८ चे. तोवर अंदाजपत्रक ५ वर्षांनी शिळे झाले होते.

नवे सॉफ्टवेअर आणून हे सुटेल, या सूचनेवर काय बोलावे! खड्डे सॉफ्टवेअर खणत नाही.

भूमिपूजनाच्या वर्षाची दुरुस्ती पुढील अंकात छापावी.

— एक निवृत्त उपअभियंता, नागपूर