तंत्राच्या गोष्टी : काळा पडदा परवडला

कॉकपिटमधले सगळेच्या सगळे पडदे एकदम काळे होणं हे सिनेमातलं दृश्य वाटतं. पण २०१९ साली अलास्कातल्या बॅरो गावी जाणाऱ्या बोइंग ७३७ विमानांत हे खरोखर घडलं. एकदा नव्हे, तीन वेळा. बॅरो (गावाचं आजचं नाव उत्कियाग्विक) म्हणजे अमेरिकेचं अगदी उत्तर टोक, आर्क्टिक महासागराच्या काठावर. तिथल्या धावपट्टीवर उतरण्याचा मार्ग नॅव्हिगेशन कॉम्प्युटरमध्ये निवडला, की समोरचे सहाही पडदे जात. वीज गेलेली नाही, वायर तुटलेली नाही, पडदाही खराब नाही. दुसरी धावपट्टी निवडेपर्यंत सगळं काळंच.

मंडळी, मागच्या अंकात फोनच्या अपडेटबद्दल लिहिलं, तेव्हा दोन-तीन वाचकांनी विचारलं होतं की विमानातही असं अपडेट येतं का, आणि आल्यावर काही बिघडतं का. येतं. आणि कधीकधी बिघडतंही. म्हणून या वेळी बॅरोची गोष्ट.

आधी आतली रचना थोडक्यात. ७३७ च्या ज्या पिढीत हे घडलं (७३७-८०० वगैरे, आपल्याकडेही ही विमानं वर्षानुवर्षं उडताहेत), तिच्यात मार्गाचा हिशेब करणारा कॉम्प्युटर वेगळा आणि पडद्यावर चित्र काढणारा वेगळा. पंगतीत स्वयंपाकी वेगळा आणि वाढपी वेगळा, तसं. पहिला सांगतो, विमान इथे आहे, धावपट्टी तिथे आहे, मधले टप्पे हे. दुसरा ते घेऊन नकाशा, रेघा, आकडे पडद्यावर काढतो. दोघांचं सॉफ्टवेअर निराळं, आवृत्त्या निराळ्या, आणि अपडेटही निराळ्या वेळी होतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, म्हणजे एफएएने, डिसेंबर २०१९ मध्ये जो आदेश काढला, त्यात स्पष्ट म्हटलं होतं की चित्र काढणाऱ्या कॉम्प्युटरच्या आणि मार्गाच्या कॉम्प्युटरच्या ठरावीक आवृत्त्यांची जोडी जमली, तरच हा दोष उद्भवतो. एकेकटी दोन्ही शहाणी, एकत्र आली की गोंधळ. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या वाचकांना हे वाक्य आपल्याच ऑफिसातलं वाटेल.

जोडी जमल्यावरही आणखी एक अट होती. धावपट्टीची दिशा २७० अंश, म्हणजे थेट पश्चिम हवी. अशा धावपट्ट्या जगात पुष्कळ आहेत, पण त्यातल्या फक्त सातांचे अक्षांश-रेखांश असे होते की पडदे जात. पाच अमेरिकेत, एक कोलंबियात, एक गयानाच्या जॉर्जटाउनला. आता ९० आणि २७० या कोनांना आमच्या धंद्यातले लोक मुळातच वचकून असतात. दहावीच्या त्रिकोणमितीत ज्या ठिकाणी ‘टॅन’ची किंमत काढता येत नाही, तीच ही ठिकाणं.

पण त्या आदेशातली यादी वाचताना मला खटकलं ते वेगळंच. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिच्या दिशेचे अंश, शेवटचं शून्य काढून टाकलेले. बेळगावच्या सांबरा विमानतळाची किंवा गोव्याच्या दाबोळीची पट्टी ०८/२६ आहे. एका बाजूने आलात तर साधारण ८० अंश, उलट बाजूने आलात तर २६०. हैदराबादला शमशाबादला ०९/२७. मग २७० अंशांच्या सात धावपट्ट्यांवर २७ हा आकडा असायला हवा ना? यादीतले क्रमांक होते २५, २६, २८ आणि २९. सत्तावीस एकही नाही!

कारण असं, की पट्टीवर रंगवलेला आकडा होकायंत्राच्या उत्तरेवरून ठरतो, आणि दोष होता तो भूगोलातल्या खऱ्या उत्तरेच्या हिशेबात. या दोन उत्तर दिशांमधला फरक आपल्याकडे जेमतेम अंशभर असल्यामुळे तो आपल्या लक्षातही येत नाही. अलास्कात किंवा गयानात तो दहा-पंधरा अंशांपर्यंत जातो. म्हणजे एखाद्या टेस्टरने ‘क्रमांक २७ च्या सगळ्या पट्ट्या तपासून टाकू’ असं अगदी मनापासून ठरवलं असतं, तरी या सातांपैकी एकही त्याच्या हाती लागली नसती. टेस्टिंगच्या नव्या मुलामुलींना शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण अजून सापडलेलं नाही.

विमानाच्या सॉफ्टवेअरची तपासणी ढिली असते असा मात्र याचा अर्थ काढू नका. डीओ-१७८सी नावाचं जे मानक आहे, त्यात सॉफ्टवेअर बिघडलं तर काय होईल त्यावरून ए ते ई असे पाच स्तर पाडलेले आहेत. सगळ्यात वरच्या स्तरावर प्रोग्रॅममधल्या प्रत्येक अटीचा निकालावर स्वतंत्र परिणाम होतो, हे दाखवून द्यावं लागतं. आपण बँकेचं किंवा दुकानाचं ॲप लिहितो त्यात याचा दहावा हिस्साही कोणी मागत नाही. एवढं करूनही पृथ्वीवरचा प्रत्येक अक्षांश, प्रत्येक रेखांश आणि शेजारच्या कॉम्प्युटरची प्रत्येक आवृत्ती एकमेकांशी लावून पाहणं कोणालाच शक्य नसतं.

बॅरोवर इलाज काय केला? अमेरिकेतल्या त्या विमानतळांवर नियमित जाणाऱ्या विमानांतून ती आवृत्ती काढून टाकली. बाकीच्यांना सांगितलं की ती आवृत्ती बसवलेली असेल, तर या सात पट्ट्यांवर उतरायचा मार्ग निवडायचाच नाही. विमानाच्या जगात मागच्या आवृत्तीवर जाण्यात कमीपणा नसतो. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर एअरबस ए३२० प्रकारच्या सुमारे ६,००० विमानांबद्दल तातडीचा आदेश निघाला होता, तो आठवत असेल. भारतातल्याही तीनशेहून अधिक विमानांचा त्यात समावेश होता. तिथे प्रश्न पडद्याचा नव्हता, तीव्र सौर किरणोत्सर्गाने उड्डाण नियंत्रणाचा डेटा बिघडण्याचा होता. पण त्यातल्या बहुतेक विमानांवरचा उपाय तोच, आधीची आवृत्ती परत बसवा.

‘चालतंय ना नीट, मग कशाला हात लावतोस?’ हे आमच्या आईचं फोनबद्दलचं ठाम मत आहे. विमानातल्या प्रोग्रॅमबाबत नियम जवळजवळ तिच्याच बाजूचा. मान्यता असल्याशिवाय आवृत्ती बदलायची नाही, आणि बदलली की पडद्यावर दिसणारा पार्ट नंबर मंजूर कागदाशी ताडून पाहून इंजिनिअरने सही करायची.

पण नॅव्हिगेशनचा डेटा ही दुसरी गोष्ट. तिथे आईचं मत चालत नाही. धावपट्ट्या, रेडिओ केंद्रांच्या फ्रिक्वेन्सी, हवाई मार्ग यांची माहिती जगभर दर २८ दिवसांनी, ठरलेल्या गुरुवारी बदलते. वर्षातून तेरा वेळा. गोव्यात मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला प्रवासी विमानांसाठी सुरू झाला. त्या दिवशी तिथे उतरणाऱ्या विमानाच्या कॉम्प्युटरला मोपा ठाऊक असायला हवं होतं. दाबोळीपुरताच गोवा माहीत असून भागलं नसतं.

या डेटाच्या अपडेटमध्ये एक जुनी युक्ती आहे, तिचा मला फार हेवा वाटतो. विमानातला मार्गाचा कॉम्प्युटर एका वेळी दोन डेटाबेस ठेवतो, एक चालू आणि एक पुढचा किंवा मागचा. तारीख उलटली की वैमानिक पडद्यावर दोन्हींच्या मुदती वाचून चालू कोणता ते ठरवतो. आपोआप, मध्यरात्री, कोणी न विचारता बदल होत नाही. गंमत म्हणजे बोइंग ७४७-४०० मध्ये हा डेटा साडेतीन इंची फ्लॉपीवरून भरत असत. वाचकांतल्या विशीतल्या मंडळींनी फ्लॉपी फक्त ‘सेव्ह’च्या चित्रात पाहिली असेल!

आता माझ्या मते खरा प्रश्न. काळे पडदे भीतीदायक खरे, पण ते प्रामाणिक असतात. पडदा गेला हे वैमानिकाला त्याच क्षणी कळतं. शेजारी स्वतंत्र छोटा पडदा असतो, त्यावर विमानाचा कल, वेग आणि उंची दिसते. तिथे नजर न्यायची, निवडलेला मार्ग बदलायचा, गरज पडली तर पुन्हा वर जायचं. याचा सराव केलेला असतो. सराव करायला अवघड जातं ते वेगळ्याच बिघाडाचं. पडदा छान उजळलेला, आकडे स्वच्छ, रंग बरोबर, आणि आकडा मघाचा.

२०२० साली एफएएने बोइंग ७८७ साठी असा आदेश काढला की विमानाची वीज ५१ दिवसांच्या आत एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायची. त्या विमानात माहिती एका सामाईक जाळ्यातून फिरते, आणि आलेला संदेश ताजा आहे की जुना हे तपासणारी एक व्यवस्था असते. विमान सलग ५१ दिवस चालू राहिलं तर ही तपासणीच बंद पडू शकते, असं आढळलं होतं. तेवढ्यात जाळ्यात आणखी एक बिघाड झाला, तर जुना वेग किंवा जुनी उंची आताची म्हणून पडद्यावर दिसू शकते. आणि इशाराही येणार नाही. शिळी पोळी हाताला कळते, शिळा आकडा डोळ्याला कळत नाही.

याच विमानाबद्दल २०१५ साली २४८ दिवसांचा असाच आदेश निघाला होता. तिथे जनरेटरच्या नियंत्रकातला एक मोजणीचा आकडा भरून वाहत होता. कॅल्क्युलेटर घ्या आणि २ चा ३१ वा घात काढा. तितके शतांश सेकंद म्हणजे किती दिवस ते पाहा, २४८ आणि वर थोडे. यावर ‘बंद करून चालू करा’ हा सल्ला ऐकून हसू येतं, पण कारण सापडून नवं सॉफ्टवेअर मंजूर होईपर्यंत तोच सगळ्यात सुरक्षित मार्ग असतो.

आमच्या क्षेत्रात याबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं, की वापरणाऱ्याला रिकामा पडदा कधीच दाखवू नये, शेवटचं जे मिळालं ते दाखवत राहावं. ॲप ‘सुरळीत’ वाटतं, तक्रारी कमी येतात. मला हे पटत नाही. बसची वाट पाहणाऱ्याला दहा मिनिटांपूर्वीची बस आता आल्यासारखी दाखवली तर त्याची फक्त चिडचिड होते. अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरवर तसंच केलं तर? आकड्याशेजारी तो किती वाजताचा आहे ते लिहावं, आणि ठरावीक वेळ उलटली की आकडा काढून तिथे आडवी रेघ मारावी. कॉकपिटमध्ये हेच करतात. खात्री नसलेल्या मापाच्या जागी मोठी फुली किंवा ठळक सूचना येते. बॅरोच्या वैमानिकांना निदान आपल्याला काही दिसत नाहीये, एवढं तरी दिसत होतं.

अपडेटनंतर कसली तपासणी करता, असं मला नव्या प्रोजेक्टवर कोणी विचारलं तर मी आता ‘बरोबर दिसतंय का’ याच्या आधी एक काम सांगतो. डेटा येणारी वायर मुद्दाम काढा, शेजारच्या कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती ठेवा, आणि पडदा काय म्हणतो ते पाहत बसा. यात अर्धा दिवस जातो आणि मॅनेजर कुरकुरतो.

एवढ्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या गर्दीत ७३७ च्या कॉकपिटमध्ये, समोरच्या काचेपाशी, द्रवात तरंगणारं साधं चुंबकाचं होकायंत्र आजही असतं. त्याला सॉफ्टवेअर नाही, वीजही लागते ती फक्त रात्रीच्या दिव्याला. त्याच्यासोबत एक लहानसं कार्ड असतं. विमानातल्या लोखंडामुळे आणि विजेमुळे कोणत्या दिशेला किती अंशांचा फरक पडतो ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि तो फरक नव्याने मोजला की कार्डही बदलतात.