२००२ साली ‘शोध’ लागलेला आजार १९२८ सालीच ठाऊक होता

१/८
डोक्यावर वारंवार होणाऱ्या आघातांतून जडणारा मेंदूचा आजार, म्हणजे ‘सीटीई’, २००२ साली पिट्सबर्गमध्ये उजेडात आला, असे सर्रास सांगितले जाते. ही कथा सोयीची आहे, पण इतिहास तसा नाही. #थ्रेड

२/८
न्यू जर्सीतील शवचिकित्सक हॅरिसन मार्टलंड यांचा ‘पंच ड्रंक’ हा निबंध १९२८ चा. मुष्टियोद्ध्यांची अडखळती चाल, मंदावलेल्या हालचाली, ढासळत जाणारी बुद्धी यांची नोंद त्यात आहे. ‘पंच ड्रंक’ हा शब्दही डॉक्टरांचा नव्हे. मुष्टियुद्धाच्या वर्तुळात तो आधीच रूढ होता.

३/८
१९४९ मध्ये लंडनच्या मॅक्डोनाल्ड क्रिचली यांनी ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी’ हे नाव मुष्टियोद्ध्यांच्याच संदर्भात वापरले. १९७३ मध्ये कॉर्सेलिस व सहकाऱ्यांनी १५ मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंतील बिघाडाचे सविस्तर वर्णन केले.

४/८
म्हणजे लक्षणे, नाव आणि पुरावा, तिन्ही हाती होते. उणीव होती ती रुग्णांच्या पतीची. पोटासाठी रिंगणात उतरणाऱ्याचा मेंदू हा त्याच्या धंद्याचा भाग मानला गेला.

५/८
१९९४ मध्ये अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलने मेंदूच्या दुखापतींवर समिती नेमली. अध्यक्ष मात्र संधिवाततज्ज्ञ! बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या खेळाडूच्या मेंदूविषयी २००५ मध्ये लेख प्रसिद्ध केला, तेव्हा समितीच्या सदस्यांनी तो मागे घेण्याची मागणी केली. या आजाराशी खेळाचा संबंध असल्याची कबुली लीगच्या अधिकाऱ्याने दिली ती थेट २०१६ मध्ये.

६/८
२०१७ च्या अभ्यासात एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूंत सीटीई आढळला. हे मेंदू दान केलेले होते, त्यामुळे हे प्रमाण सरसकट सर्व खेळाडूंना लावता येत नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु आकड्याविषयीची सावधगिरी म्हणजे धोका नाकारण्याचा परवाना नव्हे.

७/८
पतीच्या मारहाणीचा दीर्घ इतिहास असलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत हाच बिघाड आढळल्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये १९९० सालीच आली होती. तरीही संशोधनाचा झोत आजही प्रामुख्याने पुरुष खेळाडूंवरच आहे. घरात मार खाणारीला ना लीग, ना प्रेक्षक.

८/८
म्हणून ‘हा आजार केव्हा सापडला?’ हा प्रश्नच अपुरा आहे. तो कोणाला झाल्यावर आपण दखल घेतली, आणि कोणाची दखल अजून घेतलेली नाही, हे विचारले पाहिजे. ‘शोध उशिरा लागला’ असे म्हणणे म्हणजे ज्यांनी जाणूनबुजून डोळेझाक केली, त्यांना निर्दोष ठरवणे होय.