विज्ञान आणि आपण : केळे, काळा दगड आणि हजारात एक

रावेर-यावलची केळी खान्देशात घरोघरी खाल्ली जातात. इफ्तारच्या दस्तरख्वानवर खजुराशेजारी केळ्याची फोड असतेच. या केळ्यात किरणोत्सार असतो, असे कुणी मोबाइलवर पाठवले तर भगिनींनो, घाबरू नका. गोष्ट खरी आहे. भीती मात्र खोटी आहे.

केळ्यात पोटॅशियम असते. त्याच्या दहा हजार अणूंपैकी साधारण एक अणू पोटॅशियम-४० या जातीचा असतो आणि तो आपोआप मोडतो. मध्यम आकाराच्या केळ्यात असे सुमारे १५ अणू दर सेकंदाला मोडतात. आपल्या स्वतःच्या शरीरात तर दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास मोडतात. शरीर जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकते, त्यामुळे केळे खाल्ल्याने हा आकडा वाढत जात नाही.

हे अणू सगळे एकाच रीतीने मोडत नाहीत. शंभरातले सुमारे ८९ कॅल्शियम होतात. उरलेल्यांचा आरगॉन वायू होतो आणि त्या वेळी बहुतेकदा गॅमा किरण निघतो. पण हजारात एखादा अणू गॅमा न सोडताच आरगॉन होतो. असे होत असावे हा बरीच वर्षे केवळ हिशेब होता. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी क्ष-किरण टिपणारे छोटे यंत्र मध्ये ठेवले आणि भोवती गॅमा टिपणारे मोठे यंत्र. क्ष-किरण दिसला पण गॅमा आला नाही, अशा नोंदी वेगळ्या काढून, चुकून निसटलेल्या गॅमांची वजावट करून २०२३ मध्ये त्यांनी ही वाट पक्की केली.

याचा आपल्याला काय उपयोग? धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्याखालचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. दगडात पोटॅशियमपासून किती आरगॉन साचला, यावरून असे वय काढता येते. मग आरगॉनकडे जाणारी छोटी वाटही हिशेबात धरायलाच हवी.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत याहूनही दुर्मीळ घटना शोधतात. तेथे प्रोटॉनांची टक्कर घडवून ‘बी-एस’ नावाचे कण तयार होतात. त्यांपैकी एक अब्जात सुमारे तीनच दोन म्युऑन होऊन मोडतात. एक अब्ज दाणे म्हणजे अंदाजे २५० ते ३०० क्विंटल ज्वारी. त्यातून तीन दाणे निवडायचे! हा शोध १९८०च्या दशकापासून चालू होता. २०१५ मध्ये सीएमएस आणि एलएचसीबी या दोन प्रयोगांनी आपल्या नोंदी एकत्र करून निकाल जाहीर केला. सीएमएसच्या यंत्रातील बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवला आहे. आकडा सिद्धान्ताशी जुळला. फार वेगळा आला असता तर एखाद्या अज्ञात कणाची चाहूल लागली असती.

या कामाला सब्र लागतो आणि पडताळाही. दोन म्युऑन दिसले म्हणून कुणी लगेच आनंद साजरा करत नाही. ते दुसऱ्याच कुठल्या कणांतून आले नाहीत ना, हे आधी तपासतात. मोबाइलवरचा निरोप पुढे ढकलण्याआधी आपणही एवढे करू शकतो.

शेवटी आई-वडिलांना एक विनंती. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आली की घरात स्थळांची आणि पुढच्या शिक्षणाची चर्चा एकदमच सुरू होते. भौतिकशास्त्रात तिचे मन रमत असेल तर एम.एस्सी.ची सोय जळगावच्या विद्यापीठातच आहे. पुढे टाटा संस्थेत प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीतून पीएच.डी.ला जागा मिळाली तर दरमहा शिष्यवृत्ती मिळते. ‘हे आपल्यातल्या मुलींचे काम नव्हे’ असे म्हणण्याआधी तिला अर्ज तरी भरू द्या. निकाल काय तो परीक्षा सांगेल.