मोरी तुंबली!

दिवाळी अंकाच्या चकचकीत पानांवर मोरीचा विषय काढणारा माणूस एक तर अरसिक असला पाहिजे, नाही तर तळमजल्यावर राहणारा तरी असला पाहिजे, असे आपल्या मनात येईल. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात अंक अशा थाटात बसलेल्या वाचकापुढे सांडपाणी नेऊन ओतायचे म्हणजे काय? पण वाचकहो, क्षणभर विचार करा. वर्षातल्या ज्या चार-पाच दिवसांत घरची मोरी सर्वांत जास्त राबते, ते हेच दिवस. नरकचतुर्दशीला पहाटे घरातली झाडून सगळी माणसे अंगाला तेल चोपडून आणि वर उटणे लावून न्हाणीघरात शिरतात. स्वयंपाकघरात तळणीच्या कढया, पाकाची पातेली आणि अनारशाच्या पिठाची ताटे धुतली जातात. उंबऱ्यापुढची कालची रांगोळी पाणी ओतून पुसली जाते. हे सारे शेवटी जाते कोठे? आणि मग भाऊबीजेला पाट मांडलेले असताना, पाहुण्यांनी घर भरलेले असताना आतून हाक येते, “अहो, पाणी जात नाहीये!”

मराठी शिकवणाऱ्या मास्तराने या फंदात का पडावे, असेही कोणी विचारील. त्याला माझ्यापाशी एक भक्कम कारण आहे. आपल्याकडच्या स्थापत्यशास्त्राच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत स्नानगृहाच्या जमिनीत बसवण्याच्या सापळ्याला ‘नहाणी ट्रॅप’ असे नाव छापलेले असते. ही ‘नहाणी’ म्हणजे आपली घरची न्हाणीच! ज्या ज्ञानशाखेत मराठीला फारसे कोणी विचारत नाही, तेथे तिने मोरीच्या वाटेने का होईना प्रवेश मिळवला आहे. अभिमान बाळगायला जागा जरा ओलसर आहे खरी, पण आहे.

आता हा सापळा म्हणजे काय, ते आधी पाहू. बेसिनच्या किंवा सिंकच्या खाली वाकून पाहिले तर नळी सरळ खाली न जाता एक वळसा घेते, किंवा तिला बाटलीसारखा एक डबा जोडलेला दिसतो. त्या वळणात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहते. गटारातली दुर्गंधी आणि झुरळे यांना घरात येऊ न देणारा हा पाण्याचा पडदा. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपासाठी अशा वळणाच्या नळीचे पेटंट घेतले, आणि घरातल्या घरात शौचालय ठेवणे नाकाला सोसू लागले. महिनाभर गावाला जाऊन परत आल्यावर घरात जी घाण येते, ती पुष्कळदा हे पाणी वाळून गेल्यामुळे. अशा वेळी उदबत्त्या जाळण्यापेक्षा प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतावे.

पण जे वळण घाणीला अडवते, तेच कचऱ्यालाही अडवते. पाण्याचा वेग तेथे मंदावतो, आणि जड ते तळाशी बसते. म्हणून बहुतेक मोऱ्या पहिल्या दोन-तीन फुटांतच तुंबतात.

स्वयंपाकघरातला मुख्य गुन्हेगार म्हणजे तेलातुपाचा ओशटपणा. गरम असताना तो पाण्याबरोबर निमूटपणे वाहतो, पुढे थंड नळीत गेल्यावर कडेला चिकटतो. त्यावर चहाचा चोथा, भाताची शिते आणि पिठाची खळ बसते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण काटकसरीसाठी वापरतो. मोरीला ती फार आधीपासून ठाऊक आहे. तेलातली आम्ले पाण्यातल्या आणि सिमेंटच्या नळांतल्या चुन्याशी मिळून चक्क साबणासारखा, पण दगडासारखा कडक थर तयार करतात. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागाखालच्या गटारात अशा चरबीचा आणि पुसायच्या ओल्या कापडांचा मिळून अडीचशे मीटर लांब आणि सुमारे एकशे तीस टन वजनाचा गोळा सापडला. पुढच्या वर्षी त्याचा एक तुकडा तिथल्या वस्तुसंग्रहालयात मांडला गेला. साहेबाने मोरीतला गाळसुद्धा काचेच्या पेटीत ठेवला, हे पाहून आपण थक्क व्हावे. पण आपल्या सिंकखालीही त्याचेच एक पिल्लू वाढत असते.

न्हाणीघरात केस आणि साबण यांची युती असते. केस जाळीखाली गुंततात, त्यांच्या जाळ्यात साबणाचा मळ आणि उटण्याचा चोथा अडकतो, आणि एक बोळा तयार होतो. खोबरेल तेल तर चोवीस अंशांच्या खालीच थिजते. थंडीत मोरी जास्त का तुंबते याचे उत्तर त्यातच आहे. रांगोळी ही तर दगडाचीच पूड. ती पाण्यात विरघळत नाही, वळणात जाऊन बसते. याहून वाईट म्हणजे घरात फरशीचे काम निघाले, की गवंडी संध्याकाळी घमेली आणि थाप्या न्हाणीतच धुतो. ते सिमेंट नळीत घट्ट झाले, की ती नळी फोडण्यावाचून गत्यंतर नसते.

आणि काही घरांत दोष माणसांचा नसून बांधणीचाच असतो. चार इंची नळाला चाळीस फुटांत एक फूट इतका उतार लागतो. तो कमी पडला, काटकोनातली वळणे फार झाली, किंवा जोडातून पिंपळाचे मूळ आत शिरले, तर मोरी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तुंबायचीच. वारंवार तुंबते ती मोरी नुसती साफ करून भागत नाही. तिचे मूळ दुखणे शोधावे लागते.

म्हणून उपचाराआधी निदान. नाही तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे व्हायचे. घरातली एकच मोरी तुंबली असेल तर दोष तिच्या सापळ्यात आहे. सगळ्याच तुंबल्या, किंवा सिंकमध्ये ओतलेले पाणी न्हाणीत वर आले, तर दोष पुढच्या नळात किंवा बाहेरच्या चेंबरमध्ये आहे. मग आतल्या आत कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. आणि इमारतीत सर्वांत खालच्याच बिऱ्हाडात पाणी उलटे येत असेल, तर ते पाणी त्यांचे नव्हे, वरच्या सर्वांचे आहे, हे वरच्यांनी ध्यानात घ्यावे. चौथ्या मजल्यावरच्यांनी तळलेल्या करंज्यांचे तेल पहिल्यांदा दर्शन देते ते तळमजल्यावरच्या जोशीबुवांना किंवा कांबळेबाईंना, आणि कमिटीच्या सभेत मात्र त्यांनाच विचारले जाते, “तुमच्याकडेच कसे तुंबते हो?”

आता उपाय. सिंक तुंबले तर खाली बादली ठेवून बाटलीसारखा सापळा हाताने फिरवून काढावा, धुवावा, रबराचे वायसर जागच्या जागी ठेवून पुन्हा बसवावा. दहा मिनिटांचे काम आहे. न्हाणीची जाळी उचलून, टोक वाकवलेल्या तारेने केसांचा बोळा बाहेर ओढावा; आत ढकलू नये. काही जाळ्यांखाली एक उपडी वाटी असते. तीही काढून धुवावी आणि आठवणीने परत बसवावी, कारण पाण्याचा पडदा तीच राखते. याने भागले नाही तर दांड्याला रबरी वाटी लावलेला पंप घ्यावा. वाटी बुडेल इतके पाणी मोरीत असू द्यावे, बेसिनला वरच्या बाजूस भोक असेल तर ते ओल्या फडक्याने दाबून धरावे, आणि दहा-पंधरा वेळा दाबून एकदम उचलावे. दाबण्याइतकेच उचलणेही महत्त्वाचे. त्याही पलीकडे अडथळा असेल तर स्प्रिंगची लांब तार फिरवत आत घालावी. हे काम मात्र प्लंबरवर सोपवलेले बरे.

ओशटपणासाठी गरम पाणी चांगले, पण उकळते नको. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या नळ्या त्याने मऊ पडतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतून फेस काढण्याचा उपाय हल्ली फार बोकाळला आहे. फेस पाहायला छान. पण दोघे एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरते ते बहुतांशी खारट पाणी. कॉस्टिक सोडा खरोखर ओशटपणा आणि केस विरघळवतो, पण पाणी लागताच तो कमालीचा तापतो, आणि कातडी व डोळे यांना तो सोडत नाही. अ‍ॅसिड फरशी आणि धातू खाते. या दोन-तीन बाटल्या एकामागून एक ओतणे हा तर शुद्ध अविचार. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. असले काही ओतले असेल तर प्लंबर आल्याबरोबर त्याला आधी ते सांगावे. तो चहा नंतर घेईल.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे तुंबूच न देणे. उरलेले तेल बाटलीत भरावे. कढई आधी जुन्या कागदाने पुसून मग घासावी. चहाचा चोथा तुळशीला नाही तर कुंडीला घालावा. सिंकवर बारीक जाळी ठेवावी. न्हाताना निघालेले केस पायाने मोरीकडे ढकलण्याऐवजी उचलून केरात टाकावेत. रांगोळी आधी कोरडी झाडून सुपलीत भरावी, मग पुसावे. गवंड्याला अंगणात वेगळी बादली द्यावी. आणि कापडी चिंध्या, सॅनिटरी पॅड, ओल्या पुसण्या यांतले काहीही संडासात टाकू नये. कागदात नीट गुंडाळून वेगळे द्यावे. यासाठी लाजण्याचे कारण नाही. लाज वाटायची तर ती पुढच्या गोष्टीची वाटावी.

आपण टाकलेले पुढे जाते तेव्हा ते नाहीसे होत नाही. चेंबर तुंबते, सोसायटीचे चिटणीस कोणाला तरी बोलावतात, आणि एक माणूस बांबूच्या कामट्या घेऊन येतो. भाषा शिकवण्याचा धंदा असल्यामुळे माझे कान तिथे टवकारतात. हातात पाना घेऊन येतो त्याला आपण म्हणतो, “अहो, जरा बघता का?” हातात बांबू घेऊन येतो त्याला म्हणतो, “अरे, उतर की खाली, पाच मिनिटांचे तर काम!” अहो आणि अरे यांच्यामधले हे अंतर व्याकरणाचे नव्हे, जातीचे आहे, हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

त्या पाच मिनिटांत काय होते तेही सांगतो. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. पण प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि उतरलेल्याला कळायच्या आत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. २०१३ सालच्या कायद्याने संरक्षक साधनांविना कोणालाही भुयारी गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा नगरपालिकेइतकाच तुम्हाआम्हाला आणि आपल्या सोसायटीलाही लागू आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाखांची भरपाई ठरवली, आणि २०२३ साली ती तीस लाख केली. न्यायालयाला रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. केरळात २०१८ पासून मॅनहोलमध्ये उतरणारे यंत्र वापरात आले. शोषून घेणाऱ्या गाड्या तर आपल्या शहरांतही मिळतात. चेंबर तुंबले तर गाडी बोलवा. चार पैसे जास्त पडतील; वर्गणी काढा. फटाक्यांसाठी काढतोच ना?

कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्यातली कितीतरी वर्षे एकाच खटपटीत घालवली, की माणसाचा मैला माणसाला उचलावा लागू नये. १९७१ साली ते गेले. त्यांचे अर्धे काम यंत्रे करतील. उरलेले अर्धे आपल्या सिंकपाशी सुरू होते.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. फार सुंदर प्रथा आहे ही. यंदा पूजा झाल्यावर, केरसुणी ज्या हातांत असते त्या हातांनाही फराळाचे ताट द्या. आणि देताना ‘घे रे’ म्हणू नका, ‘घ्या’ म्हणा. तळणीचे तेल तेवढे बाटलीत भरायला विसरू नका.