कडेगावकरांनो, वॉलेटमधल्या जुन्या परवानग्या आजच काढून घ्या

कडेगाव, विटा, खानापूर, आटपाडी या भागातल्या ज्यांच्या मोबाईलमध्ये मेटामास्क, ट्रस्ट वॉलेट किंवा तसलं कुठलंही क्रिप्टो वॉलेट आहे, त्यांच्यासाठी हे आवाहन आहे. क्रिप्टो घ्यावं की घेऊ नये, हा वाद इथं घालायचा नाही. ज्यांनी घेतलंय, त्यांनी आज रात्री झोपण्याआधी अर्धा तास काढावा, एवढीच विनंती.

आपल्या भागातला गलाईवाला देशात कुठल्याही बाजारपेठेत बसलेला असो, समोरच्याच्या शब्दावर सोनं घेत नाही. आधी आटवतो, कस बघतो, मग भाव बोलतो. त्याच घरातली पोरं मोबाईलवर ‘अप्रूव्ह’ हे बटण मात्र न वाचता दाबतात, आणि घात तिथंच होतो.

एखाद्या साइटवर टोकन बदलायचं, व्याजावर ठेवायचं किंवा फुकटचं ‘एअरड्रॉप’ घ्यायचं म्हटलं, की ती साइट आधी एक परवानगी मागते: तुमच्या वॉलेटमधून अमुक टोकन उचलायची. तुम्हाला शंभर डॉलरचाच व्यवहार करायचा असतो, पण परवानगी बऱ्याचदा अमर्याद रकमेची मागितलेली असते. आपण ती देतो, व्यवहार उरकतो आणि विसरून जातो. परवानगी मात्र ब्लॉकचेनवर तशीच राहते. जमिनीच्या कामासाठी दिलेलं कुलमुखत्यारपत्र रीतसर रद्द करेपर्यंत कुणाच्या तरी हातात राहतं, तसंच हे. साइट ‘डिस्कनेक्ट’ केली, अ‍ॅप काढून टाकलं, फोन बदलला, तरी त्या परवानगीला धक्का लागत नाही. हार्डवेअर वॉलेट घेतलेल्यांनीही निश्चिंत राहू नये. सही तुमचीच आहे, मग यंत्र काय अडवणार?

बॅजरडाओ या क्रिप्टो सेवेचं प्रकरण याच वाटेनं घडलं. चोरट्यांनी त्या साइटच्या पानात आपला कोड घुसवला, नोव्हेंबर 2021 मध्ये लोकांकडून गुपचूप परवानग्या गोळा केल्या आणि 2 डिसेंबरला एकदम हात मारला. सुमारे 12 कोटी डॉलर गेले. परवानगी दिल्याच्या दिवशी काहीच घडलं नव्हतं, म्हणून बहुतेकांना संशयही आला नाही. साइट प्रामाणिक असली तरी धोका टळत नाही. जुलै 2024 मध्ये लाय-फाय या सेवेच्या कोडमधली चूक हेरून चोरट्यांनी सुमारे 1 कोटी डॉलर उचलले, तेही अमर्याद परवानगी देऊन बसलेल्यांच्या वॉलेटमधून. त्याच महिन्यात आपल्या देशातल्या वझीरएक्स या एक्स्चेंजवरून सुमारे 23 कोटी डॉलर चोरीला गेले. तिथं ग्राहकाच्या हातात काही नव्हतं, कारण पैसे एक्स्चेंजच्या ताब्यात होते. स्वतःच्या वॉलेटचं तसं नाही. इथं बंदोबस्त तुम्हालाच करता येतो.

तो असा करायचा. इथेरियमसाठी इथरस्कॅनवर, बीएनबी चेनसाठी बीएससीस्कॅनवर आणि ट्रॉनवरच्या यूएसडीटीसाठी ट्रॉनस्कॅनवर परवानग्या तपासायची सोय आहे. बऱ्याच चेन एका जागी बघायच्या तर रिव्होक डॉट कॅश. पत्ता स्वतः टाईप करा. गुगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातीवर किंवा टेलिग्रामवर आलेल्या लिंकवर जाऊ नका, कारण परवानगी काढून देतो म्हणणाऱ्या खोट्या साइटही आहेत. तुमच्या वॉलेटचा पत्ता घातला की कुणाला, कोणत्या टोकनची, किती परवानगी दिली ते दिसतं. जिथं ‘अनलिमिटेड’ लिहिलंय किंवा नाव ओळखीचं वाटत नाही, तिथून सुरुवात करा. वॉलेट जोडून ‘रिव्होक’ दाबा आणि सही करण्याआधी रक्कम शून्य दाखवतेय का, ते वाचा. प्रत्येक वेळी थोडी गॅस फी, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, लागते, त्यामुळे इथेरियमवर थोडं इथर, ट्रॉनवर थोडं टीआरएक्स शिल्लक हवं. प्रत्येक चेनची यादी वेगळी असते. एक साफ केली म्हणून दुसरी साफ होत नाही.

या कामासाठी वॉलेटचे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द कधीच लागत नाहीत. कुणी मागितले, तर तो चोर समजा. आणि ते शब्द आधीच कुणाला दिले असतील, तर परवानग्या काढण्यात वेळ घालवू नका. नवं वॉलेट काढून उरलेलं सगळं तिकडं हलवा.

बँक बुडाली तर ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे. क्रिप्टोला तसं काहीच नाही. 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर मात्र आहे. सरकारचा हिशोब एवढा सरळ आहे.

मोहरमच्या ताबुतांच्या भेटींना किंवा दिवाळीला गावी येणाऱ्या पोरांची वाट बघू नका, आजच त्यांना फोन लावा. ज्यांना हे जमतं त्यांनी काका-मामांच्या शेजारी बसून, त्यांच्याच हातानं त्यांच्याच फोनवर करून घ्यावं.

ज्यांचे पैसे गेलेच आहेत, त्यांनी लाजेखातर गप्प बसू नये. ताबडतोब 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहाराचा हॅश आणि समोरच्याच्या वॉलेटचा पत्ता लिहून ठेवा, पडद्याचे फोटो काढा आणि कडेगाव किंवा आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. थोडी फी भरा, गेलेले पैसे काढून देतो, असे मेसेज त्यानंतर येऊ लागतील. त्यांना उत्तर देऊ नका.